पुन्हा पहिल्या पावलापासून

आमच्या बैठकीच्या खोलीत घड्याळाखालच्या खिळ्याला एक पदक टांगलेले आहे. २०१८ सालच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून २१ किलोमीटर पुरे केल्याबद्दल ते मला मिळाले. तेव्हा मी ३६ वर्षांची होते. आठवड्यातून तीन दिवस पळायची, रविवारी सायकलवरून संगम माहुलीला, कधी त्याच्याही पुढे कोरेगावच्या रस्त्याला जायची. शाळेतल्या मुली मला 'पळणाऱ्या बाई' म्हणायच्या.

मग सगळे थांबले. कारण विचाराल तर एक सांगता येणार नाही. आधी लॉकडाऊन आले. मग मोबाईलवरून शाळा. मग अम्मींचा इंतकाल झाला आणि अब्बा आमच्याकडे राहायला आले. मग लेकीची दहावी. प्रत्येक वेळी मनाशी म्हणायचे, "एवढे पार पडू दे, मग सुरू करते." असे म्हणता म्हणता पाच वर्षे गेली. सायकल जिन्याखाली उभी राहिली आणि तिच्या हँडलला कांद्याची पिशवी अडकवायची सवय घराला लागली.

मागच्या पावसाळ्यात अब्बांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. वीस वर्षांची साखर आणि दुर्लक्षिलेले रक्तदाब, दोन्ही मिळून हे घडले असे डॉक्टरांनी सांगितले. दवाखान्यातून घरी आणल्यावर महिनाभराने डॉक्टर मला म्हणाले, "बाई, वडिलांची साखर आहे, आजोबांचीही होती म्हणता. तुमची कधी तपासली?" तपासली. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीए१सी नावाची चाचणी असते, तिचा आकडा आला ६.२. ही चाचणी ५.७ ते ६.४ मध्ये आली तर माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर असतो. ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. कागद हातात घेऊन मी अब्बांच्या पलंगाशेजारी बसले होते. त्यांचा उजवा हात चादरीवर पडलेला होता. आपण कोणत्या वाटेवर उभे आहोत हे मला कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

पहिली चूक

दुसऱ्याच दिवशी फजरची नमाज झाल्यावर जुने बूट शोधून काढले आणि शाहू स्टेडियमवर गेले. डोक्यात अजून ती २०१८ ची बाई होती. पाच किलोमीटर तर सहज, असे वाटले. पहिल्या फेरीत धाप लागली, दुसऱ्या फेरीत पोटात कळ आली, तरी हट्टाने चालत-पळत पाच पुरे केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी सकाळी पाय जमिनीला टेकवले आणि दोन्ही नडग्यांमधून अशी कळ गेली की भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जावे लागले. त्या दिवशी शाळेत सगळे तास खुर्चीवर बसून घेतले.

अब्बांना शिकवायला फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीन दिवस यायच्या. माझी चाल पाहून त्यांनी विचारले आणि सगळे ऐकून हसल्या. "तुमच्या अब्बांना मी पहिल्या आठवड्यात काय करायला लावले? फक्त पलंगाच्या काठावर बसायला. आणि तुम्ही पहिल्या आठवड्यात पंधरा किलोमीटर?"

अब्बा ऐकत होते. त्यांची सारी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून गेली. जड जिभेने, थांबत थांबत ते म्हणाले, "बेटा, वर्षभर उभी राहिलेली गाडी आम्ही थेट महाबळेश्वरच्या घाटात पाठवत नव्हतो. आधी ऑइल बघायचं. ब्रेक बघायचे. आवारातच दोन फेऱ्या मारायच्या. तू स्वतःला पहिल्या दिवशी घाटात घातलंस."

आजारानंतर त्यांनी एका दमात बोललेले हे सर्वांत लांब बोलणे होते.

शरीर काय विसरते आणि काय नाही

नडग्या बऱ्या व्हायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचले. आपल्यापैकी अनेक जण बाळंतपण, आजार, ऑपरेशन, परदेशातली नोकरी किंवा नुसत्या संसाराच्या ओढाताणीत व्यायाम सोडून बसलेले असतात. त्यांच्यासाठी त्यातले कामाचे तेवढे इथे देते.

व्यायाम थांबला की सर्वांत आधी रक्तातला पाण्याचा अंश कमी होतो. हे अगदी पहिल्या काही दिवसांतच सुरू होते. रक्त कमी म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्तही कमी. मग तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात आणि आपल्याला धाप लागते. त्यानंतर स्नायूंमधली ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणा हळूहळू आकसते. १९८४ साली अमेरिकेत चांगल्या तयारीच्या खेळाडूंना व्यायाम बंद करायला लावून एक अभ्यास झाला. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सात टक्क्यांनी घटली, आठ आठवड्यांत सोळा टक्क्यांनी, आणि त्यानंतर ती तिथेच स्थिरावली.

याहून बोलका प्रयोग डॅलस शहरातला आहे. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. उठले तेव्हा त्यांची ही क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घटलेली होती. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीत होते. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेले होते, अंगातली चरबी १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर. तरीही तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता नेली होती, ती विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेली होती त्याहून कमीच भरली. मग त्यांना सहा महिने चालणे, हळू पळणे आणि सायकल असा व्यायाम दिला. सुरुवात थोडक्यात, शेवटी आठवड्याला साधारण साडेचार तास. सहा महिन्यांनंतर त्यांची क्षमता विशीत प्रयोगाच्या सुरुवातीला जेवढी होती तेवढीच मोजली गेली.

हे वाचून मला दोन गोष्टी कळल्या. बसून राहण्याने होणारे नुकसान आपण वयाच्या नावावर खपवतो, ही एक. आणि परत मिळवायला लागतात ते सहा महिने, सहा दिवस नव्हेत, ही दुसरी.

साखरेच्या बाबतीतही असाच पुरावा आहे. उंबरठ्यावरच्या लोकांना आहारात बदल, थोडे वजन कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम एवढे करायला लावले, तर पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटते, असे २००२ सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसले. चेन्नईत आपल्याच लोकांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही घट सुमारे २८ टक्के होती. आपल्या अंगात साखर लवकर शिरते, तरीही चालण्या-पळण्याने फरक पडतोच.

दम आधी येतो, हाडे मागून येतात

परत सुरू करणाऱ्यांच्या दुखापती बहुधा पहिल्याच दिवशी होत नाहीत. त्या पुढच्या काही आठवड्यांत होतात. कारण असे, की हृदय आणि रक्त लवकर सावरतात. दोन-तीन आठवड्यांत दम वाढल्याचे जाणवते आणि माणूस खूश होऊन अंतर वाढवतो. पण पोटरीला टाचेशी जोडणारी शीर, गुडघ्याची कूर्चा आणि नडगीचे हाड यांना घट्ट व्हायला महिने लागतात. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. पूर्वी पळणाऱ्यालाही हा धोका असतो, कारण त्याला जुना वेग आठवत असतो.

नडग्या बऱ्या झाल्यावर मी जो क्रम धरला तो असा:

पहिले दोन आठवडे फक्त चालणे. एक दिवसाआड, अर्धा तास, जरा झपझप.

तिसरा आणि चौथा आठवडा: पाच मिनिटे चालून अंग गरम करायचे, मग एक मिनिट हळू पळणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा.

पाचवा आणि सहावा: दोन मिनिटे पळणे, दोन मिनिटे चालणे, सहा वेळा.

सातवा ते नववा: चार मिनिटे पळणे, एक मिनिट चालणे, पाच वेळा.

दहाव्यापासून: न थांबता वीस मिनिटे, आणि मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांची भर.

जगभर लाखो लोक ज्या नऊ आठवड्यांच्या क्रमाने पळायला शिकतात, तो १९९६ साली अमेरिकेतल्या जॉश क्लार्क या गृहस्थांनी तयार केला. त्यात पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळणे आणि दीड मिनिट चालणे असते. मी माझ्या नडग्यांचा विचार करून त्याहून सावकाश घेतले. कुणाला जमले नाही तर तोच आठवडा पुन्हा करावा. त्यात लाज नाही.

वेग किती असावा? शेजारी कुणी असेल तर तिच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त आहे. पहिले तीन महिने घड्याळात फक्त वेळ पाहावी, अंतर पाहू नये. मी तर अंतर मोजणारे ॲप मोबाईलमधून काढूनच टाकले, कारण त्यात २०१९ चे माझे आकडे जपून ठेवलेले होते आणि रोज सकाळी तेच आधी दिसायचे.

याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस दहा मिनिटांचा जोराचा व्यायाम: जिन्याच्या पायरीच्या काठावर पंजे ठेवून टाच वर-खाली करणे, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, आणि भिंतीला हात लावून दंड. अब्बांनाही खुर्चीवरून उठबस दिलेली होती. त्यामुळे संध्याकाळी मगरिबनंतर आम्ही दोघे समोरासमोर बसून ती करायचो. ते पाच, मी वीस. ते मोठ्याने मोजायचे, त्यामुळे जिभेचाही व्यायाम व्हायचा.

बुटांबद्दल एक सांगते. पाच वर्षे कपाटात ठेवलेले बूट वरून नवे दिसतात, पण तळव्यातला मऊ थर कडक झालेला असतो. माझ्या नडग्यांचा अर्धा दोष त्या बुटांचा होता असे मला वाटते. फार महागडे घेऊ नयेत, पण पळण्याचेच घ्यावेत, आणि संध्याकाळी पाय जरा सुजलेले असताना मापून घ्यावेत.

जिन्याखालची सायकल

सायकलचा मोठा फायदा हा, की अंगाचा भार सीटवर असतो. गुडघे आणि नडग्या वाचतात, दम मात्र तेवढाच वाढतो. म्हणून वजन वाढलेल्यांनी, गुडघे कुरकुरणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी परतीची सुरुवात सायकलवरून केली तरी चालेल. एक दिवस पळणे, एक दिवस सायकल, एक दिवस आराम, अशी अदलाबदल सर्वांत बरी.

पण सायकलही पाच वर्षे उभी होती. एका रविवारी माझ्या मुलाने ती अंगणात काढली. अब्बांना खुर्चीत बसवून बाहेर आणले. हात मुलाचा आणि नजर अब्बांची, असे काम दोन तास चालले. टायरच्या कडांना बारीक चिरा पडल्या होत्या. "बदल. उतारावर फुटला तर?" ब्रेकचे रबर दगडासारखे झाले होते. बदलले. चेन रॉकेलने धुऊन, कोरडी करून, एकेका कडीवर थेंब थेंब तेल सोडले आणि वरचे पुसून काढले, नाहीतर त्यावर धूळ चिकटून चेन झिजते. चाक उचलून फिरवून ते डोलते का पाहिले. हँडल गच्च धरून पुढचे चाक दोन पायांत पकडून ते सैल नाही ना याची खात्री केली.

शेवटी सीट. मी नेहमी ती खाली ठेवायची, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. अब्बांनी डाव्या हाताने खूण केली: वर घे. टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल अगदी खाली न्यायचे. त्या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवताना पंजाने पॅडल मारले की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. सीट खूप खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते, खूप वर असेल तर मागची, आणि कंबर डावी-उजवीकडे हलत राहते. इतकी वर्षे माझा उजवा गुडघा का दुखायचा ते त्या रविवारी कळले.

चालवताना जड गिअर लावून जोर काढू नये. हलका गिअर लावून पाय भराभर फिरवावेत, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या तरी. पहिले पंधरा दिवस मी सपाटीवरच वीस मिनिटे फिरले. मग संगम माहुली. जाताना उतार असल्याने जाणे सोपे, येणे अवघड. म्हणून परत सुरू करणाऱ्याने जाताना चढ आणि येताना उतार मिळेल असा रस्ता निवडावा, म्हणजे दमल्यावर घर लांब राहत नाही. मी हे उलटे केले आणि पहिल्या वेळी अर्धा चढ सायकल ढकलत आणली.

घराने सुट्टी दिली तर

आता खरी अडचण. आजारी माणूस घरात, शाळेची नोकरी, दोन मुले. पळायला वेळ कुठला? सकाळी अब्बांना उठवणे, तोंड धुणे, औषधे, चहा हे सगळे मी करत होते. माझे पती स्टेशनरीचे दुकान चालवतात, दुकान दहाला उघडते. माझा रिपोर्ट पाहून ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "फजरपासून पावणेसातपर्यंत अब्बा माझे." तेव्हापासून आजपर्यंत ते शब्दाला जागले आहेत. पहिल्या आठवड्यात गोळ्यांची अदलाबदल होईल या भीतीने मी डब्यावर कागद चिकटवले होते. आता त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

फुफू भेटायला आल्या तेव्हा त्यांनी ऐकवलेच: "बाप अंथरुणात आणि लेक रस्त्यावर पळतेय." मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते. रोज दार ओढून घेताना अपराध्यासारखे वाटायचे. उत्तर अब्बांनी दिले. "माझं झालं ते तिचं होऊ नये म्हणून पळतेय. तिला कुणी उचलायचं?" फुफू गप्प झाल्या. पुढच्या वेळी आल्या तेव्हा आपली साखर तपासून आल्या होत्या.

आणि आपल्या घरांत तर या गोष्टीला परकेपण असू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आलेलेच आहे. पहिल्या वेळी हजरत आयेशा जिंकल्या. पुढे काही काळाने, त्यांचे शरीर भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि त्यांनी हसत मागच्या शर्यतीची परतफेड झाल्याचे सांगितले. वजन वाढले, वेग कमी झाला, तरी शर्यत पुन्हा झाली आणि तीही नवरा-बायकोत, हसतखेळत. आपल्या वहिन्या-बहिणींना व्यायामाला बाहेर पडू देताना कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी हे आठवावे.

पोशाखाचा प्रश्न भगिनी विचारतात. मी सैल, पूर्ण बाह्यांचा सुती कुडता, ट्रॅक पँट आणि पातळ कापडाचा, पिन लावून घट्ट बसवलेला स्कार्फ घालते. सायकलवर मोकळी ओढणी किंवा घेरदार बुरखा नको, तो चाकात किंवा चेनमध्ये अडकतो. उजव्या पायाच्या घोट्याशी पँटला पट्टा बांधावा, कारण चेन त्या बाजूला असते. हेल्मेट स्कार्फवर नीट बसते. पहाटे अंधार असतो, म्हणून चमकणारी पट्टी आणि सायकलला मागे लाल दिवा हवाच. सुरुवातीला दोघी-तिघींनी मिळून जावे. आता आम्ही चौघी आहोत, त्यातल्या दोघी नुसत्या चालतात.

रमजानमध्ये काय करावे?

सहावा महिना चालू असताना रमजान आला. पुन्हा खंड पडणार या भीतीने मी आधी घाबरले. पण वाचलेले एक उपयोगी पडले: कमावलेला दम टिकवायला तो कमावताना लागतो तेवढा व्यायाम लागत नाही. आठवड्यातून दोन वेळा, नेहमीच्या जोराने केला तरी तो बरेच आठवडे टिकतो. म्हणून रमजान हा वाढवण्याचा महिना मानूच नये, राखण्याचा मानावा.

इफ्तारच्या अर्धा तास आधी मी तीन दिवस सावकाश चालले. लगेच पाणी मिळणार असते, म्हणून ही वेळ बरी. तरावीहनंतर रात्री रस्त्यावर पळणे मला जमण्यासारखे नव्हते, म्हणून दोन दिवस आमच्या इमारतीचा जिना पंधरा मिनिटे चढले-उतरले. रोजा असताना उन्हात पळणे किंवा सायकल नाहीच. इफ्तार ते सेहरी पाणी थोडे थोडे पीत राहावे, एकदम लोटाभर नव्हे. भजी आणि सरबत यांच्यावर ताबा ठेवणे मला पळण्यापेक्षा अवघड गेले, हे कबूल करते. ईदनंतर जिथे सोडले तिथून सुरू न करता दोन आठवडे मागे जाऊन सुरुवात केली.

नेदरलँड्सची धावपटू सिफान हसन हिचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते. इथिओपियात जन्मलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून युरोपात आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये, ईदनंतर दोनच दिवसांनी, ती लंडनला आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावली. रमजानमध्ये तिने रोजे धरूनच तयारी केली होती. मध्येच खुब्यात दुखू लागले म्हणून ती चक्क थांबली, पाय ताणून घेतला, मागे पडली, आणि पुन्हा गाठून जिंकली. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने मॅरेथॉनचे सुवर्णपदक मिळवले आणि ते हिजाब घालून स्वीकारले. तिचा वेग आपल्याला घेण्यासारखा नाही. पण दुखले तर थांबायचे, सोय करायची आणि पुन्हा निघायचे, एवढे तिच्याकडून घेता येते.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावे

ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा दमा आहे, ज्यांची चाळिशी उलटली आहे आणि घरात कुणाला लवकर झटका आलेला आहे, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि रोजा व औषधांबद्दल डॉक्टरांशी रमजानच्या आधी बोलावे. ताप असताना पळू नये. डेंग्यू-चिकुनगुनियातून उठल्यावर घाई नको. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियननंतर, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पळणे नको, चालणे पुरे.

पळताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. स्नायू दोन दिवस भरून येणे ही साधी गोष्ट आहे. पण हाडाच्या एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, किंवा चालताना लंगडावे लागत असेल, तर ते सोसून पळू नये.

आज

या पावसाळ्यात अब्बांच्या आजाराला वर्ष झाले. माझी एचबीए१सी ५.८ आली. अजून उंबरठ्यावरच आहे, पण मागे सरकलेली आहे. फक्त पळण्याने हे झाले असे मी म्हणणार नाही. चहातली साखर गेली, रात्रीचा भात निम्मा झाला, त्याचाही वाटा आहे. मी न थांबता सहा किलोमीटर पळते, पूर्वीच्या मानाने बरीच सावकाश. यवतेश्वरच्या घाटात अजून गेलेले नाही. जाईन की नाही, माहीत नाही. मात्र रविवारी माहुलीला सायकल जाते आणि परतीचा चढ आता उतरून ढकलावा लागत नाही.

अब्बा काठी घेऊन फाटकापर्यंत येतात. घरापासून फाटक बत्तीस पावले आहे, त्यांनीच मोजले आहे. मी परत येते तेव्हा ते तिथे उभे असतात आणि विचारतात, "किती?" मी मिनिटे सांगते. मग मी विचारते, "तुमची किती?" परवा ते फाटक उघडून रस्त्याच्या कडेपर्यंत आले होते. चाळीस झाली.

वाचकहो, तुमच्याही घरात जिन्याखाली किंवा गॅलरीत एखादी सायकल उभी असेल, कपाटात बूट पडले असतील. आज त्या सायकलच्या हँडलवरची पिशवी काढा आणि हवा भरून ठेवा. उद्या फजरनंतर दहा मिनिटे चाला. परवा आराम करा. तेरवा पुन्हा दहा मिनिटे. आणि घरात कुणी असे निघाले असेल, तर तिची सकाळची एक जबाबदारी तुम्ही उचला. अल्लाह सर्वांना आरोग्य देवो.